प्राध्यापक चांगले शिकवतात, हे मोजायचे कशाने?

एप्रिल महिना आला की महाविद्यालयांत दोन कामे एकाच आठवड्यात उरकली जातात, अंतर्गत गुणांच्या याद्या आणि विद्यार्थ्यांचा फीडबॅक. नाशिकमधल्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आम्ही संगणक प्रयोगशाळेत बसवले होते आणि फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात रोल नंबर विचारला होता. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “सर, नंबर टाकावाच लागेल का?” मी होय म्हणालो, कारण नंबराशिवाय फॉर्म पुढेच जात नव्हता. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पडद्याकडे पाहिले आणि मग माउसची टिकटिक सुरू झाली. सात शिक्षक, प्रत्येकाविषयी दहा प्रश्न, अशी सत्तर उत्तरे तिने तीन मिनिटांत संपवली. सगळीकडे पाचपैकी पाच. त्या वर्षी आमच्या विभागाची सरासरी ४.७ आली, ती छापून फाइलला लागली, आणि जन्मभर सरासरी शिकवणाऱ्या मला त्या सरासरीचा अर्थ मात्र सांगता आला नसता.

प्राध्यापकांचे शिकवणे मोजण्याचा प्रश्न अलीकडे पुन्हा चर्चेत आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका व पदोन्नतीच्या नियमांचा नवा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात गुणांची बेरीज बाजूला ठेवून नऊ प्रकारच्या ‘उल्लेखनीय योगदानां’पैकी किमान चार दाखवण्याची कल्पना मांडली होती, आणि त्यांतले एक योगदान नावीन्यपूर्ण अध्यापनाचे होते. पाठोपाठ फेब्रुवारीत महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या एका तपासणी पथकातील सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. या दोन बातम्या वाचणाऱ्या पालकाला साधा प्रश्न पडतो की माझ्या मुलाला शिकवणारे सर किंवा मॅडम चांगले शिकवतात की नाही, हे शेवटी ठरवतो कोण आणि कशाच्या आधारावर?

आज जे मोजले जाते ते काय आहे?

आधी पदोन्नतीचे पाहू. आयोगाच्या जुलै २०१८ च्या नियमांनुसार शिक्षकाच्या अध्यापनाची श्रेणी एका टक्केवारीवर ठरते. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक तास घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान घेतले तर ‘समाधानकारक’ आणि ७० टक्क्यांहून कमी घेतले तर ‘असमाधानकारक’. तास घेतला जाणे ही किमान अपेक्षा आहे आणि तिची नोंद ठेवण्यात गैर काही नाही. परंतु घंटागाडी रोज आली याची नोंद ठेवणे आणि गल्ली स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नाशिककरांना वेगळे सांगण्याची गरज नसावी.

संस्थांच्या पातळीवर चित्र फारसे निराळे नाही. २०१६ पासून दरवर्षी जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत ‘अध्यापन, अध्ययन व साधने’ या घटकाला बहुतेक गटांत शंभरपैकी ३० गुण आहेत. नाव मोठे आशादायक आहे. आत पाहिले तर विद्यार्थ्यांची संख्या, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, शिक्षकांची पीएच.डी. व अनुभव, आणि खर्च झालेला पैसा या गोष्टी आढळतात. यांतली एकही गोष्ट वर्गाचा उंबरठा ओलांडत नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकच्या सात निकषांत अध्यापनाचा स्वतंत्र निकष आहे आणि २०१७ च्या सुधारित पद्धतीपासून विद्यार्थ्यांचे समाधान-सर्वेक्षणही आहे, पण ते मूल्यांकन संस्थेचे असते, एखाद्या शिक्षकाचे नव्हे.

विद्यार्थ्यांनाच विचारले तर काय बिघडले?

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत हीच आहे आणि ती जुनीही आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हर्मन रेमर्स यांनी १९२० च्या दशकात अशा प्रश्नावल्या तयार केल्या. तर्क सरळ आहे. मिसळ कशी झाली आहे हे खाणाऱ्याला कळते. मग शिकवणे कसे झाले हे शिकणाऱ्याला का कळू नये?

काही गोष्टी त्याला नक्कीच कळतात. शिक्षक वेळेवर येतात का, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का, फळ्यावरचे अक्षर लागते का, शंका विचारली तर अपमान होतो का, तपासलेल्या वह्या परत मिळतात का, या प्रश्नांचा विद्यार्थ्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. अडचण पुढच्या प्रश्नांना येते. ‘शिक्षकांचे विषयज्ञान कसे आहे?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये असतो, आणि तो अशा माणसाला विचारलेला असतो की जो तो विषय पहिल्यांदाच शिकत आहे. मिसळ खाऊन चव कळते, तेल कुठले वापरले ते कळत नाही.

१९७० मध्ये अमेरिकेत एक गमतीदार प्रयोग झाला. मायकल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ या नावाने व्याख्यानाला उभे केले. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती खेळ-सिद्धान्ताचा उपयोग, आणि त्याला सूचना अशी होती की विनोद करायचे, आत्मविश्वासाने बोलायचे, पण अर्थहीन शब्द आणि परस्परविरोधी विधानांनी भाषण भरून टाकायचे. ऐकणारे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्याचे शिक्षक होते. त्यांनी व्याख्यानाला चांगला अभिप्राय दिला. १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर त्याच्यावर टीकाही झाली, आणि एका व्याख्यानावरून सगळ्या फीडबॅकला फसवे ठरवता येणार नाही हे खरे आहे. तरीही महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या नाशिकमध्ये आहे, तिथल्या वाचकांनी हा किस्सा विसरू नये असे मला वाटते.

त्यानंतरचे अभ्यास अधिक काटेकोर आहेत. २००७ च्या एका प्रयोगात फॉर्म भरण्यापूर्वी काही विद्यार्थ्यांना चॉकलेट देऊ केले गेले, तेही शिक्षकाने नव्हे तर बाहेरून आलेल्या व्यक्तीने, आणि चॉकलेट मिळालेल्या गटांनी शिक्षकांना अधिक गुण दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन वर्गाच्या दोन शिक्षकांनी, एक स्त्री आणि एक पुरुष, आपापली नावे काही गटांपुरती अदलाबदल केली. पुरुषाच्या नावाखाली शिकवणाऱ्याला चांगले गुण मिळाले, मग प्रत्यक्षात शिकवणारी व्यक्ती कोणीही असो. तपासलेले काम परत करण्याची तत्परता दोघांची सारखीच असताना त्या तत्परतेला दिलेल्या गुणांतही फरक दिसला. त्या अभ्यासात विद्यार्थी पन्नासहून कमी होते, म्हणून त्यावर फार मोठा इमला उभारू नये. आपल्याकडे मात्र आडनाव, बोली आणि इंग्रजीचा उच्चार या गोष्टी वर्गात शिक्षकाआधी पोचलेल्या असतात, आणि त्यांचा फॉर्मवर काय परिणाम होतो याकडे आपण पाहतही नाही.

सरासरी काय लपवते?

हा भाग माझ्या विषयातला असल्याने थोडा रेंगाळतो. समजा, वीस विद्यार्थ्यांनी एका शिक्षिकेला गुण दिले; बारा जणांनी पाच आणि आठ जणांनी चार. सरासरी ४.६ येते. दुसऱ्या शिक्षकाला अठरा जणांनी पाच आणि दोघांनी एक गुण दिला. त्यांचीही सरासरी ४.६ येते. पहिल्या वर्गात सगळे बऱ्यापैकी खूश आहेत. दुसऱ्या वर्गात दोन मुलांच्या बाबतीत काहीतरी गंभीर घडले आहे, आणि ते दोघे कोण, त्यांना काय सहन करावे लागले, हे शोधणे त्या आकड्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. सरासरीने नेमके तेच पुसून टाकले.

दुसरी गोष्ट म्हणजे फॉर्म भरले कोणी. ऐंशींच्या वर्गातल्या वीस जणांनी फॉर्म भरला असेल, तर तो वर्गाचा अभिप्राय राहत नाही. तो फॉर्म भरायला थांबलेल्यांचा अभिप्राय असतो. आणि तिसरी गोष्ट अशी की ४.३ आणि ४.४ यांतला फरक पाहून एका शिक्षकाला दुसऱ्याच्या वर बसवणे म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोने तोलण्यासारखे आहे. काटा हलतो, हे खरे. पण तो वाऱ्यानेही हलतो.

निकाल तर खोटे बोलत नाही ना?

पालकांच्या तोंडी हे वाक्य नेहमी असते आणि प्राचार्यांच्या केबिनमध्येही असते. ‘माझ्या विषयाचा निकाल ९६ टक्के’ असे सांगणारा शिक्षक चांगला आणि ७० टक्के सांगणारा वाईट, इतका हिशेब सोपा असता तर हा लेख इथेच संपला असता.

पहिली हरकत प्रवेशाची आहे. निफाडच्या काळ्या जमिनीतले उत्पन्न आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावरचे उत्पन्न शेजारी ठेवून कोणी शेतकऱ्याची लायकी ठरवत नाही. बारावीला ९० टक्के मिळवून आलेली मुले आणि बारावीपर्यंत मराठीतून शिकून पहिल्यांदाच इंग्रजीतले रसायनशास्त्र हाती घेतलेली मुले, यांच्या शिक्षकांची तुलना निकालावरून करणे तितकेच चुकीचे आहे. खरे मोजायचे असते ते विद्यार्थी कुठून निघाला आणि कुठे पोचला यातले अंतर.

दुसरी हरकत परीक्षेची आहे. संलग्न महाविद्यालयांत विद्यापीठाची प्रश्नपत्रिका बहुधा बाहेरून येते, त्यामुळे शिकवणारा आणि विचारणारा वेगळा असतो. स्वायत्त महाविद्यालयांत मात्र पुष्कळदा तीच व्यक्ती शिकवते, प्रश्न काढते आणि तपासतेही. स्वायत्ततेचे फायदे पुष्कळ आहेत, पण अशा ठिकाणी निकालावरून शिक्षकाला जोखणे म्हणजे स्वतःच्याच मापाने दूध मोजून देणाऱ्या गवळ्याला प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र देणे होय. निकालावर पदोन्नती अवलंबून आहे असे एकदा कळले, की ‘अपेक्षित प्रश्नां’ची झेरॉक्स वर्गात फिरू लागते, आणि ती फिरवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी ज्याने तो नियम केला त्याच्याकडे पाहावे.

एप्रिलची छाटणी आणि पुढचा वर्ग

द्राक्षबागेचे गणित इथे फार उपयोगी पडते. बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. माल निघून गेल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. घड दिसतात ते फळछाटणीनंतर, म्हणून नवख्याला वाटते की सगळी करामत ऑक्टोबरातली आहे. प्रत्यक्षात खरड छाटणीनंतर पुढच्या दोन-अडीच महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, सूक्ष्म घड तयार होतात. तेव्हा काळजी घेतली नसेल तर ऑक्टोबरात कितीही औषधे मारली तरी नुसती पाने येतात. एप्रिलमध्ये बाग मात्र भुंडी दिसते, आणि त्या दिवशी कोणी पाहुण्याने बाग पाहून गुण दिले तर ते कमीच मिळतील.

शिकवण्याच्या बाबतीत हाच मुद्दा स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळतो. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही. तुकड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटल्या जातात, अभ्यासक्रम एक असतो, परीक्षा एक असते आणि पुढचे गणिताचे विषय सगळ्यांना सक्तीचे असतात. म्हणजे शिक्षकांची तुलना करायला याहून स्वच्छ जागा मिळणे कठीण. सुमारे दहा हजार विद्यार्थ्यांच्या नोंदींतून जे निघाले ते चक्रावणारे होते. कमी अनुभवी शिक्षकांच्या मुलांना त्या विषयात अधिक गुण पडले आणि त्या शिक्षकांना फीडबॅकही चांगला मिळाला; अनुभवी व अधिक शिकलेल्या शिक्षकांची मुले त्या परीक्षेत थोडी मागे पडली, पण पुढच्या विषयात तीच पुढे गेली.

इटलीतील बोक्कोनी विद्यापीठाच्या नोंदींवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच दिसले. ज्या शिक्षकांचे विद्यार्थी पुढच्या विषयांत चांगले निघाले, त्यांना विद्यार्थ्यांचा फीडबॅक कमी मिळाला होता. संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण आपल्या ओळखीचे आहे. एक शिकवणे परीक्षेपुरते असते, ते विद्यार्थ्याला हलके जाते. दुसरे विषय मुरवणारे असते, त्यात विद्यार्थ्यालाच जास्त राबावे लागते, आणि राबवून घेणारा त्या घडीला कोणाला आवडतो?

यावर कोणी म्हणेल की, जुन्या अभ्यासांत तर फीडबॅक आणि गुण यांचा चांगला मेळ दिसला होता. तसा तो दिसला होता. १९८१ मध्ये पीटर कोहेन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून मध्यम ताकदीचा संबंध दाखवला होता. २०१७ मध्ये बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी तेच गणित नव्याने मांडले, तेव्हा असे आढळले की तो संबंध लहान लहान अभ्यासांमुळे फुगला होता आणि मोठे अभ्यास पाहिले तर फारसा उरत नाही. पुढे २०१८ मध्ये कॅनडातील टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठातील वादात लवादाने स्पष्ट निर्णय दिला की पदोन्नती किंवा कायम नेमणूक ठरवताना अध्यापनाची परिणामकारकता अशा फीडबॅकच्या आकड्यांवरून मोजता येणार नाही.

काडी तपासणी वर्गातही करता येते

ऑक्टोबरची छाटणी करण्यापूर्वी जाणकार बागाईतदार काही काड्या प्रयोगशाळेत नेतो. तिथे डोळा उघडून सूक्ष्मदर्शकाखाली आत घड आहे की नाही ते पाहतात. हंगाम संपण्याची वाट पाहावी लागत नाही. अध्यापनात याच्या सर्वात जवळची गोष्ट म्हणजे सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतलेली संकल्पना चाचणी. ती पाठांतर तपासत नाही. रोजच्या भाषेतले प्रश्न विचारून समज तपासते. भौतिकशास्त्रात बल या संकल्पनेवरची अशी चाचणी १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, आणि सूत्रे घडाघडा म्हणणारी मुले तिच्यात अडखळतात, हे पाहून अनेक शिक्षकांचे डोळे उघडले.

तिचा हिशेब समजायला सोपा आहे. सुरुवातीला वर्गाला शंभरपैकी ४० गुण होते आणि शेवटी ७० झाले, तर वाढायला जागा ६० गुणांची होती आणि वाढले ३०. म्हणजे निम्मी जागा भरली, लाभ ०.५. दुसरा वर्ग ८० वरून ९० वर गेला, तर जागा २० ची आणि वाढ १० ची. लाभ पुन्हा ०.५. निफाड आणि सुरगाणा आता एका फूटपट्टीवर आले. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे असे आकडे एकत्र केले. निव्वळ व्याख्यान देणाऱ्या वर्गांचा सरासरी लाभ ०.२३ निघाला, आणि जिथे विद्यार्थ्यांना प्रश्न, चर्चा व प्रत्यक्ष कृतीत गुंतवले जात होते त्या वर्गांचा ०.४८.

मग विद्यार्थी अशा शिक्षकांना डोक्यावर का घेत नाहीत? २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या प्रयोगाने यावर प्रकाश टाकला. कृतिशील पद्धतीने शिकलेल्या मुलांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना उलटे वाटत होते. मागून कोणी सायकल धरली असेल, तर मुलाला वाटते की आपल्याला सायकल येते. हात सोडणारा बाप त्या क्षणी दुष्टच वाटतो.

शेजारच्या वर्गातले सर येऊन बसले तर?

सहकाऱ्याने तासाला बसून अभिप्राय द्यावा, ही सूचना कागदावर उत्तम आहे. आपल्याकडे तिचे काय होते ते मी पाहिले आहे. विभागप्रमुख येतात, दहा मिनिटे बसतात, चहाची वेळ झाली की उठतात, आणि फॉर्मवर ‘विषयावर प्रभुत्व, मांडणी उत्तम’ असे लिहितात, कारण उद्या त्यांच्या तासालाही कोणी बसणार असते.

यावर एक उपाय असा आहे की बसणाऱ्याला मत विचारूच नये. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोपस’ नावाच्या निरीक्षण पद्धतीत दर दोन मिनिटांनी फक्त खुणा करायच्या असतात. शिक्षक या दोन मिनिटांत काय करत आहेत, बोलत आहेत, लिहीत आहेत, प्रश्न विचारत आहेत की वर्गात फिरत आहेत. आणि विद्यार्थी काय करत आहेत, ऐकत आहेत, सोडवत आहेत की विचारत आहेत. चांगले-वाईट काही लिहायचे नाही. करोनाच्या काळात माझे तास रेकॉर्ड झाले होते, म्हणून कुतूहलाने मी माझ्याच एका अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासावर अशा चोवीस चौकटी भरल्या. एकवीस चौकटींत मी बोलत होतो. दोनमध्ये मी काही न बोलता लिहीत होतो. एका चौकटीत एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्न ‘सर, स्क्रीन दिसत नाहीये’ असा होता. कोणत्याही वरिष्ठाच्या शेऱ्याने मी इतका खजील झालो नसतो.

याहूनही स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पुरावा म्हणजे शिक्षकाने काढलेल्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या वह्या. पाच वर्षांच्या अंतर्गत परीक्षांचे पेपर टेबलावर ओळीने मांडावेत. ‘टीपा लिहा (कोणत्याही दोन)’ हाच प्रश्न पाच वर्षे त्याच चार टीपांसह फिरत असेल, तर वेगळी चौकशी लागत नाही. उलट एखाद्या अर्थशास्त्राच्या शिक्षिकेने लासलगावच्या बाजारातले आठवड्याभराचे कांद्याचे भाव देऊन ‘या घसरणीची दोन कारणे सांगा आणि तुमचे कारण चुकीचे ठरेल असा एक पुरावा सांगा’ असे विचारले असेल, तर त्या एका प्रश्नात तिचे सगळे वर्ष दिसते. दुसऱ्या शहरातल्या त्याच विषयाच्या दोन शिक्षकांना, नावे झाकून, असे पेपर वाचायला दिले तर एका दुपारीत पुष्कळ कळेल.

पण मग कामचुकारांचे काय?

ही सर्वांत रास्त शंका आहे. इतक्या अटी घातल्या तर जो शिक्षक तासालाच येत नाही तो सुटेल, असे वाटू शकते. थर्मामीटरचे उदाहरण घेतले तर उत्तर मिळते. ताप आहे की नाही हे थर्मामीटर बिनचूक सांगतो. दोन निरोगी माणसांत अधिक निरोगी कोण, हे त्याला विचारू नये. तासांची नोंद, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, वर्षानुवर्षे येणारा एखाद-दुसरा अतिशय कमी फीडबॅक, या साधनांनी ताप नक्की कळतो आणि त्यावर कारवाई करायला संकल्पना चाचणी लागत नाही. कारवाई होत नाही याचे कारण मोजमापाची उणीव हे क्वचितच असते. गडबड होते ती त्याच थर्मामीटरने वर्गवारी करून आदर्श शिक्षक निवडायला निघाल्यावर.

दुसरी शंका वेळेची. आधीच नॅकच्या फायली, प्रवेशाची कामे, निवडणुकीची कामे, त्यात हे आणखी कुठे बसवायचे? म्हणून सगळ्यांचे सगळे दरवर्षी करू नये. पदोन्नतीचा निवाडा काही वर्षांतून एकदा येतो. तेव्हा पेपर, वह्या, दोन-तीन तासांच्या खुणा आणि पुढच्या वर्षाच्या विषयातली विद्यार्थ्यांची कामगिरी एकत्र पाहावी. दरवर्षी करायचे काम सुधारणेचे आहे आणि ते लहान आहे. सत्राच्या सहाव्या आठवड्यात, शेवटी नव्हे, विद्यार्थ्यांना बिननावाचा कोरा कागद देऊन ‘काय कळले नाही आणि कशामुळे’ एवढेच विचारावे, तो कागद प्राचार्यांकडे न जाता शिक्षकाकडेच राहावा, आणि पुढच्या तासाला शिक्षकाने वर्गाला सांगावे की यांतले मी काय बदलणार आहे आणि काय बदलणार नाही. विद्यार्थी जेव्हा पाहतात की लिहिल्याने काही हलते, तेव्हा सगळीकडे पाच टिचकावणे कमी होते.

नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची गोष्ट इथे जाता जाता नोंदवावीशी वाटते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिकवण्याचा मोठा भाग छापील पुस्तकांत असतो, म्हणजे तो कोणालाही उघडून वाचता येतो आणि त्यावर टीका करता येते. नेहमीच्या महाविद्यालयात तास संपला की फळा पुसला जातो.

ज्यांचा पुढचा वर्ग कोणी पाहत नाही

या सगळ्यात एक पेच उरतो, आणि महाराष्ट्रात तो लहान नाही. पुढच्या वर्गात विद्यार्थी काय करतात यावरून शिक्षकाला जोखायचे, तर शिक्षक पुढच्या वर्षी त्या महाविद्यालयात असायला हवा. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांना घेतलेल्या तासांपुरता मोबदला मिळतो आणि त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. त्यांच्या बाबतीत एप्रिलचा फीडबॅक हाच बहुतेक वेळा एकमेव कागद असतो. अवघड प्रश्न विचारून, गृहपाठ परत करायला लावून, गुण कडक देऊन वर्गाचा रोष ओढवून घेणे कायम नोकरीतल्या माणसाला परवडते. त्यांना परवडत नाही, आणि त्यांच्याकडून खरड छाटणीची अपेक्षा करणे अन्यायाचे होते.

सुरुवातीला सांगितलेल्या फॉर्ममधल्या सात शिक्षकांपैकी चौघे तासिका तत्त्वावर होते. पुढच्या जूनमध्ये त्यांतल्या दोघी परत आल्या नाहीत. त्यांच्यापैकी एकीने त्या मुलांना संभाव्यता शिकवली होती, आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर सशर्त संभाव्यतेचे एक उदाहरण लिहिले, कारण पुढचा सगळा अभ्यासक्रम त्यावरच उभा होता. एरवी या उदाहरणावर माझे दोन तास जातात. त्या दिवशी सात-आठ मिनिटांत निम्म्याहून अधिक मुलांनी ते सोडवून दाखवले, आणि मागच्या रांगेतल्या त्याच मुलीने उभे राहून आपली रीत फळ्यावर मांडली. मी स्टाफरूममध्ये येऊन फीडबॅकचा फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. ही गोष्ट लिहायला त्यात रकाना नव्हता.